आमच्या नळाचं माहेर

पहाटेच्या अजानआधी आमच्या चाळीत नळ जागा व्हायचा. ही १९७० च्या दशकातली गोष्ट. कांजूरमार्ग तेव्हा अर्धं कारखान्यांचं आणि अर्धं मिठागरांचं होतं. सामायिक नळातून आधी नुसती हवा यायची, मग फुसफुस, आणि कुणीतरी ओरडायचं, "आलं गं बाई, आलं!" अम्मी दोन कळशा आणि एक हंडा घेऊन धावायची. हे पाणी येतं कुठून, असं मी एकदा तिला विचारलं. तिनं उत्तर दिलं, "तानसातून."

तानसा ही एक नदी आहे, हे तिलाही ठाऊक नसावं. आम्हा पोरांसाठी तानसा म्हणजे भांडुप-पवईच्या अंगानं गेलेले माणसाहून उंच नळ. त्यांच्यावरून तोल सांभाळत चालणं हा आमचा खेळ आणि त्यावरून मार खाणं हा रिवाज.

प्रत्यक्ष तानसा पाहायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. गेल्या हिवाळ्यात मुलीनं अकलोलीजवळ एक छोटंसं कॉटेज चार दिवसांसाठी घेतलं. पुढं पडवी, मागं आंब्याची दोन झाडं, आणि शंभर पावलांवर नदी. पत्नीचे गुडघे दुखतात, तेव्हा तिला गरम पाण्याच्या कुंडांची ओढ, मला चालण्याची. ती म्हणाली, "तुम्ही नदी पाहा, मी पाय शेकते." अशी आमची वाटणी झाली.

पहिल्या दिवशी वज्रेश्वरी ते गणेशपुरी असा काठाकाठानं चाललो. अंतर थोडं, पण इतिहास दाटीवाटीचा. वज्रेश्वरीचं मंदिर दुरून किल्ल्यासारखं दिसतं. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला आणि १७३९ साली वसई हाती आल्यावर तो फेडला, असं इथं सांगतात. पुढं अकलोली आणि गणेशपुरीची कुंडं. नदीच्या थंड पात्राशेजारीच जमिनीतून कढत, गंधकाच्या वासाचं पाणी वर येतं. कुंडावर शेजारी बसलेल्या एका आजोबांनी मला विचारलं, "कुठलं गाव?" कांजूरमार्ग म्हटल्यावर ते म्हणाले, "म्हणजे आमच्याच पाण्यावरचे तुम्ही." ते हसत म्हणाले, पण शब्द माझ्याबरोबर चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नदीच्या वरच्या अंगाला निघालो. धुकं विरलं तशी डावी-उजवीकडची रानं उघडी होत गेली. साग, ऐन, मधूनच पळस. क्षितिजावर माहुलीचे सुळके. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीचा लहानगा वारस घेऊन याच माहुलीचा आसरा घेतला होता. निजामशाहीचा शेवट त्याच वेढ्यात झाला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात हा गड मोगलांकडे गेला आणि १६७० साली मराठ्यांनी तो परत घेतला. गडाच्या पायथ्याचं हे सारं जंगल आज तानसा अभयारण्यात मोडतं. जगातून जवळपास नाहीसा झाला असं एकेकाळी मानला गेलेला रानपिंगळा २०१४ साली याच अभयारण्यात दिसला. मला तो दिसला नाही. खंड्या मात्र वाटभर सोबतीला होता.

एक गोष्ट चालता चालता ध्यानात आली. दरी रुंद होती, पात्र रुंद होतं, दगड वाटोळे आणि गुळगुळीत होते. हे सगळं भरपूर पाण्याचं काम. पाणी मात्र डोहाडोहानं थांबलेलं, मधे बारीकशी धार. पावसाळा संपून तीन-चार महिनेही झाले नव्हते. मग नदी गेली कुठं?

ती गेली होती माझ्या घरी.

ही हकिगत सुरू होते ती मुंबईच्या तहानेपासून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई विहिरींवर आणि तलावांवर जगत होती. धोबीतलाव, गवालिया टँक ही नावं उरली, तलाव बुजले. १८५४ च्या टंचाईत तर गुरंढोरं शहराबाहेर माहीमकडे हाकावी लागली. त्यानंतर हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार विहार तलाव बांधला गेला. तो १८६० साली पुरा झाला. विहार म्हणजे आमच्या कांजूरमार्गच्या पाठीशीच. मिठी नदीचा उगम अडवून तो केला. पाठोपाठ १८७९ साली तुळशी आला. पण गिरण्या वाढल्या, घाटावरून आणि कोकणातून माणसं आली. १८९१ च्या शिरगणतीत शहरानं आठ लाखांचा आकडा ओलांडला होता. साष्टीच्या डोंगरांतलं पाणी आता पुरणार नव्हतं.

तेव्हा नजर गेली शहापूरच्या रानात. मेजर हेक्टर टुलक यांनी तानसाच्या खोऱ्याची शिफारस केली आणि डब्ल्यू. जे. बी. क्लार्क यांच्या देखरेखीखाली धरण उभं राहिलं. दगड आणि चुना यांत बांधलेली, पावणेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीची भिंत. १८९२ साली व्हाईसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तिथून ओतीव लोखंडाचे नळ रानातून, खाडीवरून शहरात आणले. १९२० च्या दशकात त्यांच्या जोडीला बहात्तर इंची पोलादी नळ आले. खोरं उंचावर, शहर सखल. त्यामुळं पाणी बहुतांशी उताराच्या जोरावरच येतं. मी लहानपणी ज्याच्यावरून चालायचो, ती नदीच होती. फक्त तिला काठ नव्हते.

पुढं हेच घडत राहिलं. १९५७ साली वैतरणेवर धरण झालं. मुंबईचे अभियंते एन. व्ही. मोडक यांच्या नावानं त्याला मोडक सागर म्हणतात. मग ऊर्ध्व वैतरणा, भातसा, आणि २०१४ साली मध्य वैतरणा. आज सात जलाशयांतून मुंबईला दररोज चारशे कोटी लिटरच्या आसपास पाणी मिळतं. त्यात विहार आणि तुळशीचा वाटा अगदी चिमूटभर. बाकी सगळं या रानांमधलं. भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात ते स्वच्छ होतं, आणि तिथून आमचं घर हाकेच्या अंतरावर.

तर त्या दुसऱ्या दिवशी दुपारी, एका पाड्याखाली, पात्रातल्या वाळूत एक बाई झिरा उकरून बसलेली दिसली. वाटीनं पाणी उपसून हंड्यात ओतायची. पुन्हा झिरा भरेपर्यंत थांबायची. मी पाणी मागितलं. तिनं तांब्या भरून दिला. पाणी गार आणि गोड होतं.

तिनं विचारलं, "मुंबईला नळाला किती वेळ येतं, दादा?"

आमच्या इमारतीला गच्चीवर टाकी आहे. चोवीस तास पाणी आहे. मी म्हणालो, "येतं... सकाळ-संध्याकाळ." खोटं बोललो. का बोललो, ते सांगणं अवघड आहे. तिच्यासमोर खरं बोलायची लाज वाटली, इतकंच.

"आमच्याकडं तळी मोप," ती म्हणाली, "नळ नाही." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ऊन वर आलंय असं सांगावं, तसं तिनं सांगितलं. मुंबईला पाणी देणारी धरणं पोटात घेऊन बसलेला शहापूर तालुका उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो, हे मी वर्तमानपत्रांत कितीदा वाचलं होतं. वाचणं वेगळं. तिच्या तांब्यातलं पाणी पिणं वेगळं.

तिसऱ्या दिवशी पत्नीला घेऊन जीपनं धरणाकडे गेलो. रखवालदारानं फाटकापाशीच थांबवलं, ते योग्यच. लांबून भिंत दिसली, मागं निळं पाणी आणि त्यात उलटी पडलेली टेकाडं. पत्नी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अम्मी असत्या तर म्हणाल्या असत्या, एवढं सगळं आमच्या दोन कळशांसाठी?"

मला अम्मीची वजू करण्याची रीत आठवली. एका लहान तांब्यात तिची वजू व्हायची. वाहत्या नदीकाठी बसलात तरी पाणी वाया घालवू नका, ही शिकवण तिनं ऐकलेली. चाळीतल्या नळाच्या रांगेत उभी राहून तिला ती जास्त पटली असावी. वजूचं पाणी खाली ठेवलेल्या पाटीत पडायचं आणि तिथून दारातल्या मोगऱ्याला जायचं. आम्ही पोरं तिच्या काटकसरीला हसायचो. ती कंजूषपणा करते, असं वाटायचं. आता वाटतं, कुणाच्या तरी वाट्याचं आपण वापरतोय, हे तिला नकाशा न पाहताच कळलं होतं.

मुंबईनं पाणी पिऊ नये, असं मी म्हणत नाही. दीड कोटीच्या घरातली ही वस्ती तहानेनं मरू शकत नाही, आणि त्या धरणांवर माझंही लहानपण वाढलं आहे. पण ज्या दरीतून आपण नदी उचलून आणली, त्या दरीतल्या पाड्यापर्यंत एक साधा नळ जायला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ कसा काय पुरत नाही? डोंगर ओलांडून मैलोन् मैल पाणी नेण्याची विद्या आपल्याकडे १८९२ सालीच होती. पाड्यापर्यंतचं अंतर तर त्याहून कितीतरी कमी आहे.

घरी परतलो त्या रात्री मी नळ सोडला आणि थोडा वेळ हात पाण्याखाली धरून उभा राहिलो. पत्नी आतून ओरडली, "अहो, नळ बंद करा!" मी बंद केला.