मेडिकलच्या बिलाची गोष्ट

आज माहुलच्या निमित्ताने एका साध्या कागदाचा इतिहास सांगते. मेडिकलवाल्याचं बिल.

मुंबईत चेंबूरच्या पुढे खाडीकाठी माहुल हे कोळ्यांचं जुनं गाव. १९५४-५५ साली शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. २०१७ नंतर तानसा जलवाहिनीलगतची घरं तोडून तिथली कुटुंबं माहुलच्या इमारतींत पाठवली. त्याआधीच, २०१३ मध्ये, केईएम रुग्णालयाने या भागात पाहणी केली होती. तेव्हा ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती. अशा घरात काय होतं ते तुम्हाला सांगायला नकोच. दवाखान्याआधी मेडिकल. खोकल्याची बाटली, बाम, डोकेदुखीची गोळी. बाईच्या पर्समधले वीस-तीस रुपये.

हे पैसे परत कुणाला मिळतात?

केंद्र सरकारी नोकरांसाठी १९४४ चे नियम आहेत. त्यांत उपचारावर लिहून दिलेल्या औषधाचा खर्च मिळतो. टॉनिक, खाण्याचे पदार्थ, प्रसाधनं आणि जंतुनाशकं मात्र औषधात धरत नाहीत. महाराष्ट्राचे असे नियम १९६१ चे. कारखान्यातल्या कामगारांसाठी १९४८ चा राज्य विमा कायदा आला, २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. विमा कार्ड असलेल्याच्या घरच्यांनाही त्यात औषध मिळतं. पण चार घरची धुणीभांडी करणारीला कार्ड कोण देणार?

खासगी नोकरदारांना वर्षाला १५,००० रुपयांपर्यंतच्या औषधबिलांवर आयकर लागत नसे. मार्च आला की बिलं गोळा करायची धांदल उडे! २०१८ च्या अर्थसंकल्पाने ती सवलत काढून सरसकट ४०,००० ची वजावट दिली. बिल जपायचं कारण तिथेही संपलं.

अमेरिकेत कर न लागता बाजूला ठेवलेल्या पगारातून औषधं घेता येतात. २०११ मध्ये चिठ्ठीशिवायची औषधं त्यातून वगळली. मार्च २०२० मध्ये ती परत आली आणि पाळीचे पॅडही पहिल्यांदाच यादीत बसले. म्हणजे यादी माणसंच करतात, माणसंच बदलतात.

आपल्याकडे महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, पण ती रुग्णालयातल्या उपचारांसाठी. दुकानातल्या गोळीसाठी नाही. माहुलकरांना सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने दरमहा १५,००० रुपये भाडं द्यायला सांगितलं. घराचा हिशोब झाला. बामचा कुणी केला नाही.

माझ्या मते गटाच्या वहीत औषधखर्चाचा एक रकाना हवाच. कर्ज कशासाठी घेतलं ते आपण लिहितो, मग हे का नाही? चिठ्ठी असेल तर बिलाला जोडून ठेवा. नवरा किंवा मुलगा नोकरीत असेल तर तीच उपयोगी पडते. आणि पॅड घ्यायचे असतील तर जन औषधी केंद्रात विचारा. ऑगस्ट २०१९ पासून तिथे एक पॅड एका रुपयाला केला आहे.