खार काढणारे हात

लोणारच्या काठावर उभा राहिलो की मला आयर्लंडचा कवी शेमस हीनी आठवतो. तो मातीचा आणि माती खणणाऱ्यांचा कवी.

आयर्लंडात दलदली पुष्कळ. तिथे शेवाळ पुरते कुजत नाही. त्याचे थरावर थर साचतात आणि हजारो वर्षांनी पीट नावाची काळी माती तयार होते. ती कापून, वाळवून लोक चुलीत जाळत. कापायला 'श्लॉन' नावाचे, बाजूला पाते असलेले अरुंद फावडे असे. पॉल हेन्री या चित्रकाराने वाळत घातलेल्या पीटचे ढीग रंगवले. हीनीने १९६६ सालच्या पहिल्याच संग्रहात पीट कापणाऱ्या आजोबांवर लिहिले आणि लेखणीलाच आपले अवजार मानले. १९९५ साली त्याला नोबेल मिळाले. २०२२ पासून तिथे पीटच्या विक्रीवर निर्बंध आले. चुली विझत चालल्या, पण फावडे कवितेत टिकले.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही जमिनीच्या पोटातले असेच धन होते, लोणारचा खार. उन्हाळ्यात सरोवराचे पाणी आटले की माणसे चिखलात उतरून तो काढीत. पापडात पडतो तो खार याच कुळातला. अबुल फजलने सोळाव्या शतकात 'आईन-इ-अकबरी'त लिहून ठेवले आहे, की काच आणि साबण करण्याचा माल इथे मिळतो आणि त्यातून चांगला महसूल येतो. इंग्रजी अमदानीतल्या नोंदींत तर खाराच्या जातींची नावेच आहेत: डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की.

लोणारने कलेलाही पुष्कळ दिले. लवणासुराच्या वधाची कथा या खाऱ्या पाण्याभोवतीच रचली गेली. दैत्यसूदनाचे देखणे मंदिर त्याच कथेचे. मीही लोणारवर कविता लिहिल्या. त्यांत उल्का होती, चांदणे होते, मोर होते. खार काढणारा माणूस मात्र एकाही ओळीत नव्हता. दगडाने देव जपला, कागदाने महसूल जपला, मी चांदणे जपले. चिखलात उतरलेले पाय कोणीच जपले नाहीत.

२००० साली सरोवर अभयारण्य झाले, २०२० साली रामसर यादीत गेले. पाणी जपले जाईल, हे चांगलेच झाले. पण मित्रहो, परिसरातल्या एखाद्या घरी माळ्यावर जुने टोपले, गंजलेली कुदळ पडली असेल, तर भंगारात देण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांना एकदा विचारा, ही कशासाठी होती? ते सांगतील ते लिहून ठेवा. कविता पुढे कोणीतरी करील.