एकवीस हा आकडा आला कोठून?

माणूस सज्ञान केव्हा होतो, या प्रश्नाचे उत्तर बाराव्या शतकातील इंग्लंडमध्ये तो कोणाच्या पोटी जन्मला यावर अवलंबून असे. ग्लॅनव्हिल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या काळच्या कायदेग्रंथात याचा मोठा मार्मिक तपशील आहे. राजाच्या चाकरीत घोड्यावर बसून लढावयाचे ज्याच्या कपाळी आले, त्या सरदाराचा वारस एकविसाव्या वर्षी सज्ञान होई. जमीन कसणाऱ्या मोकळ्या कुळाचा मुलगा पंधराव्या वर्षीच होई. आणि शहरातील व्यापाऱ्याच्या मुलाला तर वयाची अटच नव्हती. त्याला नाणी नीट मोजता आली, कापड मापता आले, की तो बापाचा व्यवहार सांभाळण्यास पात्र ठरे. जड चिलखत अंगावर चढवून भाला पेलण्याचे बळ एकविसाव्या वर्षाखेरीज येत नाही, असे या आकड्याचे कारण पुढे देण्यात आले. कालांतराने सरदारांचा आकडा सर्वांनाच लागू झाला आणि इंग्रजी वसाहतींबरोबर अटलांटिक ओलांडून अमेरिकेस गेला. चिलखते वस्तुसंग्रहालयात जाऊन पडली, आकडा मात्र राहिला. दारूच्या दुकानाशी त्याची गाठ पडली ती फार उशिरा. पण ती पडल्यावर जो वाद माजला तो अद्याप मिटलेला नाही.

अमेरिकेत १९२० च्या जानेवारीत देशभर दारूबंदी आली, आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी एकविसाव्या घटनादुरुस्तीने ती उठली. या दुरुस्तीचा दुसरा भाग लक्षात ठेवण्याजोगा आहे. एखाद्या राज्याचा कायदा मोडून त्या राज्यात मद्य आणणे हा घटनेचा भंग ठरला. म्हणजेच दारूचा कारभार ज्या त्या राज्याच्या हाती गेला. मिसिसिपी राज्याने तर आपली दारूबंदी थेट १९६६ पर्यंत चालविली. बाकीच्यांनी दुकाने उघडली, आणि गिऱ्हाईक किती वर्षांचे असावे हा प्रश्न आला तेव्हा बहुतेकांनी फारसा विचार न करता मताधिकाराचे व सज्ञानतेचे वयच उचलले. ते होते एकवीस. न्यूयॉर्कने मात्र अठरा ठरविले. दोन शेजारी राज्यांच्या आकड्यांत तीन वर्षांचे अंतर राहिले तर काय बिघडले, असे त्या वेळी कोणालाही वाटले असते. मोटारगाड्या तेव्हा इतक्या झाल्या नव्हत्या.

या आकड्याला पहिला धक्का दारूमुळे बसला नाही, युद्धामुळे बसला. १९४२ साली सक्तीच्या लष्करभरतीचे वय अठरावर आले. लढण्यास योग्य तो मत देण्यासही योग्य, ही घोषणा तेव्हापासून ऐकू येऊ लागली. जॉर्जिया राज्याने १९४३ मध्ये मताधिकार अठराव्या वर्षी दिला, आणि १९५४ साली राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी सर्व देशासाठी हीच मागणी उचलून धरली. प्रत्यक्षात ती पुरी होण्यास व्हिएतनामचे युद्ध लागले. १ जुलै १९७१ रोजी सव्विसावी घटनादुरुस्ती संमत झाली आणि अठरा वर्षांचा तरुण मतदार झाला. मग ज्याला रणांगणावर पाठविता आणि ज्याचे मत घेता, त्याला बिअरचा पेला का नाकारता, हा प्रश्न विधिमंडळांपुढे उभा राहिला. त्याला सरळ उत्तर नव्हते. १९७० नंतरच्या पाचसहा वर्षांत एकोणतीस राज्यांनी मद्यपानाचे वय खाली आणले. कोणी अठरा, कोणी एकोणीस, कोणी वीस.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ओक्लाहोमा राज्यात सौम्य बिअर मुलींना अठराव्या वर्षी विकत मिळे, मुलांना एकविसाव्या. एका तरुणाने व एका महिला दुकानदाराने या भेदाविरुद्ध दाद मागितली. राज्याने आकडेवारी पुढे केली: अठरा ते वीस वयाच्या मुलांपैकी दोन टक्के दारू पिऊन गाडी चालविताना पकडले जातात, मुलींपैकी ०.१८ टक्के. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली हा कायदा रद्द केला. दोन टक्क्यांच्या अपराधापायी सगळ्या मुलांवर बंदी घालणे न्यायमूर्तींना पटले नाही; शिवाय कायदा विक्रीला आडकाठी करी, पिण्याला नव्हे, ही विसंगतीही त्यांनी दाखविली. वयाच्या आधारे केलेल्या बंदीलाही हाच आक्षेप घेता येईल, हे चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल. पण न्यायालयापुढे प्रश्न स्त्री-पुरुष भेदाचा होता, वयाचा नव्हता.

वय उतरले आणि अपघात वाढले. मिशिगनने १ जानेवारी १९७२ पासून अठरा हे वय धरले होते. १९७८ च्या अखेरीस तेथील मतदारांनीच कौल देऊन ते पुन्हा एकवीस केले. अॅलेक्झांडर वॅगेनार यांच्यासारख्या संशोधकांनी त्या राज्यातील अपघातांच्या नोंदी तपासून वयाचा व अपघातांचा संबंध दाखविला. इतर राज्येही एकामागून एक मागे फिरली. मात्र सगळी एकाच वेळी फिरली नाहीत, आणि खरा अनर्थ झाला तो येथे. इलिनॉयने १९८० मध्ये एकवीस केले, तर उत्तरेस लागून असलेल्या विस्कॉन्सिनमध्ये अठराच होते. न्यू जर्सीने १९८३ च्या आरंभापासून एकवीस केले, तर नदीपलीकडच्या न्यूयॉर्कमध्ये एकोणीस. शनिवारी रात्री पोरे गाड्या काढीत, सीमा ओलांडीत, पलीकडच्या गुत्त्यात पीत आणि पहाटे त्याच रस्त्याने घराकडे निघत. घरी सर्वच पोचत नसत. वर्तमानपत्रांनी या हद्दींना रक्ताच्या सीमा असे नाव दिले. सद्हेतूने केलेल्या कायद्याने मुलांना घराजवळच्या दुकानातून उठवून तीस मैलांवरच्या दुकानाकडे धाडले होते, आणि तेही स्वतः गाडी हाकीत. दोषी अठरा नव्हते आणि एकवीसही नव्हते. दोन्ही आकड्यांमधला रस्ता जीव घेत होता.

याच सुमारास कॅलिफोर्नियातील कँडेस लाइटनर या बाईंची तेरा वर्षांची मुलगी रस्त्याच्या कडेने चालत असता एका मद्यधुंद चालकाच्या गाडीखाली सापडून मेली. हा मनुष्य याच अपराधासाठी पूर्वीही पकडला गेलेला होता. ही घटना मे १९८० मधील. लाइटनरबाईंनी त्याच वर्षी मातांची एक संघटना उभी केली, आणि थोड्याच वर्षांत ती इतकी प्रबळ झाली की तिला दुखविण्याचे धैर्य कोणा लोकप्रतिनिधीस राहिले नाही. त्या मुलीला मारणारा चालक चाळिशी उलटलेला होता, हे येथे नमूद केले पाहिजे. वयाच्या कायद्याने तो थांबला नसता. चळवळीचा रोख तरुणांकडे वळण्याचे एक कारण, तरुणांना तेवढे मतांचे बळ नव्हते, असेही म्हणता येईल.

राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नेमलेल्या, जॉन व्होल्पी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८३ मध्ये सर्व देशात एकवीस हेच वय असावे अशी शिफारस केली. पण करावे कसे? घटनेने दारू राज्यांच्या हवाली केलेली. तोड काढली ती न्यू जर्सीचेच सिनेटर फ्रँक लॉटेनबर्ग आणि प्रतिनिधी जेम्स हॉवर्ड यांनी. राज्याला हुकूम सोडावयाचा नाही. परंतु जे राज्य एकवीसच्या खाली राहील, त्याच्या महामार्गांसाठी मिळणाऱ्या केंद्राच्या पैशातून पहिल्या वर्षी पाच टक्के आणि पुढे दहा टक्के कापावयाचे. राज्यांच्या स्वायत्ततेचा कैवार घेणारे रेगन आरंभी नाखूश होते. लोकमताचा ओघ पाहून त्यांनी विचार बदलला आणि १७ जुलै १९८४ रोजी कायद्यावर सही केली.

दक्षिण डाकोटा या राज्यात एकोणीस वर्षांच्या तरुणास सौम्य बिअर विकत घेता येत असे. त्या राज्याने वाहतूकमंत्री एलिझाबेथ डोल यांच्याविरुद्ध दावा लावला. त्याचे म्हणणे साधे होते: जे सरळ दाराने करता येत नाही, ते तिजोरीच्या दाराने का करू द्यावे? २३ जून १९८७ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी निकाल केंद्राच्या बाजूने लागला. सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी लिहिले की पैशाला अट घालता येते, अट रस्त्यांच्या सुरक्षिततेशी जोडलेली आहे, आणि कपात इतकी लहान आहे की तिला सक्ती म्हणता येत नाही. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी विरुद्ध मत दिले, आणि तर्काच्या दृष्टीने ते आजही वाचण्यासारखे आहे. गाडी चालविण्याचा ज्याचा विचारही नाही अशा तरुणाला हा कायदा अडवितो, आणि दारू पिऊन गाडी चालविणारे बहुसंख्य लोक एकवीस ओलांडलेले असतात, त्यांना तो स्पर्शही करीत नाही, असे त्यांचे म्हणणे. न्यायमूर्ती ब्रेनन यांनीही वेगळे मत नोंदविले. पुढे २०१२ मध्ये आरोग्य विम्याच्या कायद्यावरील निकालात हाच न्यायनिर्णय पुन्हा चर्चेस आला, तेव्हा दक्षिण डाकोटाचे नुकसान तिच्या अंदाजपत्रकाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते, याची न्यायालयाने आठवण दिली. एवढ्याशा रकमेसाठी राज्यांनी आपला हक्क सोडला होता! १९८८ च्या मध्यापर्यंत वायोमिंगसह सर्व राज्ये एकवीसवर आली. लुइझियानाने तरुणांना खरेदीची बंदी केली, पण दुकानदाराला विक्रीची केली नाही. ही पळवाट १९९५ पर्यंत उघडी होती. पोर्तो रिको या बेटाने मात्र कपात पत्करली आणि आपले अठरा कायम ठेवले.

कायद्याने जीव वाचले काय? अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या अंदाजानुसार १९७५ पासून तीस हजारांहून अधिक जीव वाचले. उलट, जेफ्री मायरन आणि एलिना टेटेलबॉम या संशोधकांनी २००९ मध्ये असे दाखविले की घट प्रामुख्याने त्या राज्यांत दिसते ज्यांनी आपखुशीने वय वाढविले. केंद्राच्या धाकाने वाढविलेल्या राज्यांत ती फारशी दिसत नाही. त्यांच्या निष्कर्षावर आक्षेप घेणारेही पुष्कळ आहेत. २००८ मध्ये व्हरमाँटमधील मिडलबरी महाविद्यालयाचे माजी अध्यक्ष जॉन मकार्डेल यांच्या पुढाकाराने शंभरावर महाविद्यालयप्रमुखांनी या वयाचा फेरविचार व्हावा असे जाहीर पत्रक काढले. बंदीमुळे विद्यार्थी दारू सोडीत नाहीत, दार लावून घाईघाईने आणि अधिक पितात, हा त्यांचा अनुभव होता. मातांच्या संघटनेने कडाडून विरोध केला आणि कायदा जागचा हलला नाही. दोन्ही पक्ष मुलांच्या जिवाचीच भाषा बोलत होते, म्हणून या वादात कोणाला खोटे ठरविणे कठीण जाते. तथापि सीमेवरील रस्त्यांपुरते तरी १९८४ च्या कायद्याचे काम नाकारता येणार नाही.

आपल्याकडेही मद्य हा विषय राज्यघटनेच्या राज्यसूचीतला आहे. १८७५ च्या कायद्याने सज्ञानतेचे वय अठरा ठरले, मताधिकार १९८९ मध्ये एकवीसवरून अठरावर आला. दारूचे वय मात्र त्यांच्या मागोमाग गेले नाही. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी पंचवीस आणि बिअरसाठी एकवीस, गोव्यात सरसकट एकवीस. बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडला की चार वर्षांचा फरक पडतो, आणि हे सावंतवाडीच्या तरुणास कोणी शिकवावे लागत नाही. केंद्राने रस्त्यांच्या पैशाला अशी अट घातल्याचे येथे घडले नाही. महामार्ग आणि दारू यांची गाठ पडली ती सर्वोच्च न्यायालयाच्या १५ डिसेंबर २०१६ च्या निकालाने, आणि ती अंतराची होती: महामार्गापासून पाचशे मीटरांच्या आत दुकान नको. लहान गावांसाठी ती मर्यादा पुढे दोनशे वीस मीटरांवर आली. गिऱ्हाईकाचे वय ठरविणे राज्यांकडेच राहिले.