धातूच्या पोटातला वायू

माझी निम्मी नोकरी प्रेशर गेजकडे बघण्यात गेली. लँथॅनम-निकेलचे करडे, चकाकते खडे स्टीलच्या नळीत भरायचे, हवा उपसून घ्यायची आणि हायड्रोजन सोडायचा. पहिल्या खेपेला बराच वेळ काही घडत नाही, चहा पिऊन होतो. मग काटा एकाएकी उतरू लागतो आणि नळी हाताला गरम लागते. थोड्या फेऱ्या झाल्या की खड्यांची बारीक पूड झालेली असते. हायड्रोजन आत शिरताना ही मिश्रधातू जवळजवळ पावपट फुगते. तो ताण तिला सोसत नाही. पूड हवेत पेटू शकते, म्हणून नळी आर्गॉन भरलेल्या पेटीतच उघडायची.

हे वेड लावलं थॉमस ग्रॅहॅमनं. लंडनच्या टांकसाळीचा हा प्रमुख हाडाचा रसायनशास्त्रज्ञ होता. १८६६ मध्ये त्यानं दाखवलं की पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन पिऊन घेतं. तारेत वायू भरला की ती लांब होई. काढून घेतला की मूळ लांबीपेक्षाही आखूड. हायड्रोजन ही एका धातूची वाफच असावी, असं त्याला मनापासून वाटे. त्या धातूला त्यानं 'हायड्रोजेनियम' नाव दिलं आणि १८६९ मध्ये वायू भरलेल्या पॅलेडियमची छोटी पदकं पाडली. त्याच वर्षी तो गेला. तर्क चुकला, पण निरीक्षण खणखणीत होतं.

पॅलेडियम मात्र फार महाग. स्वस्त वाट सापडायला शंभर वर्षं गेली, तीही चुंबकांच्या शोधात. फिलिप्सच्या आइंडहोवनमधल्या प्रयोगशाळेत समेरियम-कोबाल्टच्या चुंबकांवर काम चालू असताना ते हायड्रोजन शोषतात हे लक्षात आलं. तिथूनच १९७० च्या सुमारास माझी लँथॅनम-निकेल पुढे आली. खोलीच्याच तापमानाला, दोन-तीन वातावरणांच्या दाबाखाली, ती द्रव हायड्रोजनपेक्षाही दाटीनं वायू कोंबून घेते. द्रवासाठी उणे २५३ अंश गाठावे लागतात.

अडतं वजनापाशी. हायड्रोजन भरतो जेमतेम १.४ टक्के. गाडीला पाच किलो हायड्रोजन हवा, तर साडेतीनशे किलो मिश्रधातू वाहायची. मॅग्नेशियम सात टक्क्यांवर घेतं, पण सोडताना तीनशे अंशांची भट्टी मागतं. या दोन आकड्यांमध्ये माणसांची आयुष्यं गेली आहेत, माझंही त्यातच.

म्हणून जर्मनीच्या २१२ जातीच्या पाणबुड्यांचं वाचलं तेव्हा फार बरं वाटलं. त्यांच्यातली पहिली २००५ मध्ये नौदलात दाखल झाली. तिचा हायड्रोजन धातूच्या नळकांड्यांतच असतो. पाणबुडीला बुडायला वजन लागतंच.