संगणक खोलीचा इतिहास कुठल्या रजिस्टरमध्ये सापडतो?

तुमच्या आराखड्यावर ‘माध्यमिक स्तरावरील माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान शिक्षणाचा अभ्यास : बीड जिल्ह्याच्या विशेष संदर्भात’ असं शीर्षक असेल, तर ऐतिहासिक पार्श्वभूमीचं प्रकरण दोन दिवसांत लिहून होतं. 1984-85 चा ‘क्लास’ प्रकल्प आणि त्यातले बीबीसी मायक्रो संगणक, डिसेंबर 2004 मध्ये केंद्राने आणलेली शाळांसाठीची आयसीटी योजना, 2010 मधली तिची सुधारणा, 2012 चं राष्ट्रीय आयसीटी धोरण, 2018 मध्ये समग्र शिक्षा. पण हा झाला दिल्लीचा इतिहास. यात बीड कुठंय?

म्हणून मग आपण शाळेत जातो आणि डेडस्टॉक रजिस्टर मागतो. संगणक इतके, प्रिंटर एक, मिळाल्याची तारीख अमुक. आपण खूश! मात्र हे रजिस्टर वस्तू आल्याचं सांगतं, कोण शिकलं हे सांगत नाही. राज्यात ही योजना बऱ्याच ठिकाणी खासगी संस्थांमार्फत पाच वर्षांच्या करारावर राबवली गेली. करार संपला की यंत्रं शाळेकडे राहायची आणि संगणक शिक्षक जायचा. यंत्रांची नोंद तर तशीच चालू.

बीडमध्ये तर हजेरीपट उघडल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या भागातली हजारो कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती थेट मार्च-एप्रिलला परततात. म्हणजे शाळेचं जवळजवळ अख्खं दुसरं सत्र गेलं. आई-बापाबरोबर टोळीत गेलेल्या नववीतल्या मुलीच्या वाट्याला संगणकाचे किती तास आले? ती पटावर आहे, म्हणून टक्केवारीतही आहे.

विजेचंही तसंच. परळीचं औष्णिक केंद्र याच जिल्ह्यातलं, तरी खेड्यांतलं भारनियमन चुकलं नाही. 2013 च्या दुष्काळात तर पाण्याअभावी ते केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. (ही नोंद शिक्षणाच्या अहवालात शोधू नका, सापडणार नाही.)

माझ्या मते वेळापत्रक, हजेरीपट आणि भारनियमनाच्या वेळा शेजारी-शेजारी ठेवल्या तरच प्रत्यक्ष शिकण्याचे तास हाती लागतात. जोडीला माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती घ्या. “शाळेत संगणक होता का?” असं विचारलंत तर सगळे ‘होता’ म्हणतील. त्याऐवजी “माऊस पहिल्यांदा हातात कधी आला? एका संगणकाभोवती किती जण असायचे? चावी कुणाकडे असायची?” असं विचारा.

आणि हो, या मुलाखतींसाठी डिसेंबरात गावात जाऊ नका. तुम्हाला ज्यांना भेटायचंय, त्यांतले बरेच जण तेव्हा फडात असतात. जून-जुलै बरा.