रक्त न लागलेला नकाशा

3 मे 2010. सात रस्त्यावरून चालत येईपर्यंत तुमचा शर्ट पाठीला चिकटलाय. आर्थर रोड तुरुंगाच्या दारात झडती होते आणि आत 26 नोव्हेंबर 2008च्या मुंबई हल्ल्याच्या खटल्यासाठीच उभारलेल्या न्यायालयात तुम्ही जाऊन बसता. न्यायाधीश टहलियानी निकाल सांगतायत.

कसाब दोषी ठरणार हे तुम्हाला ठाऊकच होतं. सीएसटीवरचा त्याचा फोटो अख्ख्या देशाने पाहिलाय, आणि गिरगाव चौपाटीवर पोलीस कर्मचारी तुकाराम ओंबळेंनी गोळ्या झेलत त्याची बंदूक धरून ठेवली म्हणून तो जिवंत हाती लागला. तुमचे कान टवकारलेत ते बाकीच्या दोघांसाठी. फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद, दोघेही भारतीय. हल्ला झाला तेव्हा हे आधीपासूनच उत्तर प्रदेशात तुरुंगात होते. पोलिसांचं म्हणणं असं की फहीमने मुंबईतल्या ठिकाणांचे नकाशे हाताने काढले, काठमांडूत सबाउद्दीनला दिले, आणि त्यातलाच एक चौपाटीवर ठार झालेला कसाबचा साथीदार अबू इस्माईल याच्या खिशात सापडला.

आता तो कागद नीट बघा. कराचीपासून समुद्रातून आलेला, सीएसटी, कामा रुग्णालय, मग पळवलेली स्कोडा, शेवटी चकमक. खिसा रक्ताने भिजलेला. आणि कागदावर डाग नाही की तो धड चुरगळलेलाही नाही!

दोघे निर्दोष.

बाहेर कुणीतरी चिडून म्हणतं, 166 माणसं गेली आणि तुम्ही पुराव्याचा कीस काढत बसता? क्षणभर तुम्हालाही पटतं. 2008च्या डिसेंबरात तर टीव्हीवर रोज रात्री पाकिस्तानावर विमानं धाडली जात होती.

मला विचाराल तर हल्ल्याला दिलेलं सगळ्यात खणखणीत उत्तर हा निकालच. ताज आणि नरीमन हाउसमधल्या हल्लेखोरांना पाकिस्तानातून फोनवर हुकूम सोडणारे आवाज याच न्यायालयाने ऐकले आणि सूत्रधार सीमेपलीकडे असल्याचं मानलं. घरच्या पोलिसांचा कागद जे बाजूला सारतं, त्या न्यायालयाने लष्कर-ए-तोयबाकडे दाखवलेलं बोट सहजासहजी झटकता येत नाही.

घरची जबाबदारी मात्र आपण घाईघाईत उरकली. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, मुख्यमंत्री विलासराव देशमुख, राज्याचे गृहमंत्री आर. आर. आबा पाटील, तिघांचे राजीनामे झाले. हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या प्रधान समितीने तेव्हाच्या पोलीस आयुक्तांवर ठपका ठेवला. आणि आज, तुम्ही इथे उभे आहात तेव्हा, राज्याचे गृहमंत्री पुन्हा आबाच आहेत. मग नकाशाबद्दल पोलिसांना जाब कोण विचारणार?

दोघांच्या सुटकेविरुद्ध सरकार अपिलात जाईल, उच्च न्यायालयात हरेल, 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरेल. त्याच वर्षी नोव्हेंबरात येरवड्यात कसाबला फाशी होईल. सुटलेले दोघे आज घरी जात नाहीयेत. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या सीआरपीएफ छावणीवरील हल्ल्याचा जुना खटला अजून त्यांच्या डोक्यावर आहे.