'स्लाईट' : हलकं करण्याचा इतिहास

मागच्या आठवड्यात दहावीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, डॉक्टर 'स्लाईट फीवर' म्हणतात, म्हणजे थोडासा ताप. मग धड्यात त्या माणसाला 'स्लाईटेड' वाटलं म्हणजे काय? त्याला थोडंसं वाटलं?" वर्ग हसला. मी खरं तर उर्दू-मराठीचा शिक्षक. इंग्रजीच्या सरांचा ऑफ तास होता, म्हणून वर्गावर गेलो होतो. "अपमान झाल्यासारखं वाटलं", असं सांगून मी पुढे गेलो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. थोडासा या शब्दापासून अपमान कसा तयार झाला?

संध्याकाळी घरी शब्दकोश काढले. 'स्लाईट' हा शब्द इंग्रजीत आला तो उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेच्या कुळातून. मूळ अर्थ होता गुळगुळीत, सपाट. सपाटवरून सडपातळ, सडपातळवरून किरकोळ असा तो सरकत गेला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याचं क्रियापदही रुळलं : एखाद्याला किरकोळ समजणं, त्याची दखल न घेणं. जर्मन भाषेत तर याच कुळातला 'श्लेश्ट' हा शब्द साधा, सपाट या अर्थापासून निघून आज सरळ 'वाईट' या अर्थाला येऊन बसला आहे. शब्दांचीही घसरण होते, ती अशी.

'इन्सल्ट' हा शब्द याहून वेगळा आहे. तो लॅटिनमधून आला आणि त्याच्या मुळाशी अंगावर उडी घेणं आहे. इन्सल्ट करणारा निदान तुमच्याकडे पाहून उडी तरी घेतो. स्लाईट करणारा पाहतच नाही. आपल्याकडचा 'उपेक्षा' हा शब्दही पाहण्याच्याच धातूपासून झालेला आहे, पण अर्थ मात्र पाहून न पाहिल्यासारखं करणं.

या शब्दाला इतिहासात आणखी एक अर्थ आहे, तो आपण नगरकरांनी जरूर लक्षात घ्यावा. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध झालं. त्यात जिंकलेले किल्ले पुन्हा शत्रूच्या कामी येऊ नयेत म्हणून पार्लमेंटच्या बाजूने ते पाडून टाकले. या कामाला 'किल्ला स्लाईट करणं' असंच म्हणत, म्हणजे सपाट करणं. १६४६ मध्ये कॉर्फचा किल्ला असा फोडला गेला. त्याचे अवशेष आजही तिरपे उभे आहेत. पुढे १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी सह्याद्रीत तेच केलं. अनेक गडांच्या पायऱ्या आणि तटबंदी सुरुंगाने उडवली. नगर-नाशिकच्या हद्दीवरच्या अलंग-कुलंगच्या तुटलेल्या वाटा चढताना ट्रेकर मुलांना त्याचा प्रत्यय येतो. गड जागेवरच राहतो, फक्त वर जाण्याची वाट उरत नाही. माणसाला स्लाईट करणं याहून फार वेगळं नसावं.

आता उर्दूकडे येतो. अरबी 'खफीफ' म्हणजे हलका, किरकोळ. लहान दाव्यांच्या कोर्टाला उर्दूत 'अदालत-ए-खफीफा' म्हणतात. याच शब्दाचा भाऊ 'खिफ्फत'. त्याचा अर्थ हलकेपणा आणि त्यावरून चारचौघांत होणारी मानहानी. फारसीत 'सुबुक' म्हणजे हलका आणि 'सुबुकी' म्हणजे अपमान. मराठीत आपण 'हलक्यात काढतो', 'हलका माणूस' म्हणतो, आणि 'हलकट' ही शिवी तर सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे लंडन असो, दिल्ली असो की आपलं नगर, माणसाचा अपमान करायचा तर त्याचं वजन काढून घ्यायचं, हे सगळ्यांना सुचलेलं आहे.

वजन काढून घेण्याचं आपल्या इतिहासातलं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे १२ मे १६६६ चा आग्र्याचा दरबार. औरंगजेबाने शिवाजी महाराजांना शिवी दिली नाही. महाराजांनी नजराणा पेश केल्यावर त्यांच्याशी शब्दही न बोलता त्यांना पाच हजारी मनसबदारांच्या रांगेत उभं करण्यात आलं. तीच मनसब त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला, संभाजीराजांना, आधीच मिळालेली होती. समोर जसवंतसिंगाची पाठ. खिलती वाटल्या गेल्या, त्यातही महाराजांचं नाव नाही. दरबारी रिवाजाच्या आड राहून केलेला हा स्लाईट होता. महाराजांनी तो गिळला नाही. भर दरबारात रामसिंगाला जाब विचारला. ऑगस्टमध्ये ते आग्र्याहून निसटले आणि १६७४ मध्ये रायगडावर त्यांचा राज्याभिषेक झाला. त्या रांगेची किंमत मोगलांना किती पडली, हे वेगळं सांगायला नको.

दुसरं उदाहरण आपल्या नगरचं आहे आणि ते कमी सांगितलं जातं. मलिक अंबर हबशी होता, हबशाणात जन्मलेला, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तरी त्याने निजामशाही पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ उभी ठेवली. १६१० मध्ये खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात त्याचं नाव अनेकदा साधं लिहीत नाही. काळ्या नशिबाचा, करंटा अशा अर्थाची विशेषणं लावतो. १६१६ च्या सुमाराला अबुल हसन या दरबारी चित्रकाराने एक चित्र काढलं. पृथ्वीच्या गोलावर उभा जहांगीर आणि भाल्यावर खोचलेलं अंबरचं शिर. बादशहा त्यावर बाण सोडतो आहे. डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात ते आहे. हे शिर बादशहाला कधीच मिळालं नाही. उलट १६२४ मध्ये आपल्या नगरजवळच्या भातवडीला अंबरने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने होते. १६२६ मध्ये अंबर वारला, तेव्हा जहांगीरच्याच दरबारचा इतिहासकार मुतमिद खान याने लिहून ठेवलं की युद्धात, हुकमतीत आणि कारभारात या माणसाला जोड नव्हती. ज्याला कागदावर हलकं केलं, त्याचं वजन शेवटी त्याच दरबाराच्या कागदावर नोंदवावं लागलं.

हे सगळं लिहिताना मला स्वतःचेही प्रसंग आठवत होते. एका कार्यक्रमात भाषण संपल्यावर एक गृहस्थ प्रेमाने हात हातात घेऊन म्हणाले, "तुमचं मराठी किती छान आहे हो! वाटतच नाही." मी हसून आभार मानले. घरी येईपर्यंत 'वाटतच नाही' सोबत चालत राहिलं. माझी आजी याच जिल्ह्यातल्या जात्यावर ओव्या म्हणायची, हे त्या गृहस्थांना कुठून माहीत असणार? त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. स्लाईट बहुतेक वेळा असाच असतो, गुळगुळीत. शब्दाचा मूळ अर्थ तोच तर आहे.

पण फक्त तक्रार लिहून थांबलो तर अप्रामाणिकपणा होईल. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाने उत्तर देताना "मेरे कू" म्हटलं. घरची दखनी होती ती, याच मातीत शेकडो वर्षं बोलली गेलेली. मी भर वर्गात म्हणालो, "ये कौनसी उर्दू है मियाँ?" वर्ग हसला. त्या मुलाने नंतर वर्षभर हात वर केला नाही. मी त्याला रागावलो नव्हतो, मारलं नव्हतं. फक्त त्याच्या घरची भाषा हलकी करून टाकली होती. ती भाषा माझ्याही आजीची होती.

म्हणून परवा वर्गात मी त्या प्रश्नाकडे परत गेलो. फळ्यावर 'स्लाईट', 'खफीफ' आणि 'हलका' हे तीन शब्द लिहिले. मग समोर विरुद्धार्थी लिहायला सांगितलं. एकाने 'भारदस्त' सांगितलं, एकीने 'वकार'. अरबीत 'वकार' म्हणजे प्रतिष्ठा आणि त्याच्या मुळाशी जडपणाच आहे. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, लघु-गुरु." व्याकरणाच्या तासाला शिकवलेले ते लघु-गुरु. संस्कृतात गुरु म्हणजे जड, हे मी त्यांना इतकी वर्षं सांगत आलो आहे आणि शिक्षकालाही तोच शब्द का, हे मला स्वतःलाच कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

ज्याने प्रश्न विचारला होता, त्याला मी उभं केलं आणि वर्गाला सांगितलं की हा सगळा तास त्याच्या प्रश्नामुळे झाला. तो लाजला. त्यानंतर त्याने आणखी दोनदा हात वर केला.